लष्करी ट्रक घरी आणलाय? सेल्फ मारायच्या आधी हे करा

गाडी ट्रेलरवरून उतरते, गल्लीतली पोरं गोळा होतात, कुणीतरी बॅटरी आणतं, कुणीतरी वाटीतून कार्बोरेटरात पेट्रोल ओततं आणि पहिल्या तासाभरात इंजिन धडधडायला लागतं. सगळे टाळ्या पिटतात. मग मालक पहिला गिअर टाकतो आणि तेव्हा कळतं की ब्रेकच नाहीत. मीही माझ्या पहिल्या निस्सान वन-टनला (लष्करातला एक टनी पेट्रोल ट्रक) हेच केलं होतं. कोल्हापूरजवळच्या वडणग्यातल्या माझ्या शेडच्या भिंतीला त्या बंपरची खूण अजून आहे.

चूक इंजिन चालू करण्यात नाही, ते सगळ्यात आधी करण्यात आहे. कमानी, सील, ब्रेक, स्टिअरिंग, पाणी, वायरिंग, मग इंजिन आणि सगळ्यात शेवटी हौशी सुधारणा, असा क्रम ठेवा. तो मोडला की एकच काम दोनदा करावं लागतं आणि सुट्या भागांचे पैसेही दोनदा जातात. खालचं सगळं वन-टन आणि जोंगा (लष्कराची निस्सान जीप) डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. शक्तिमान हा लष्करी ट्रक डिझेलचा असल्यामुळे जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय.

कामाला दिवाळीनंतर हात घाला. कोल्हापूरचा पाऊस जूनमध्ये धरला की सप्टेंबरपर्यंत उघड्यावर एक नट सुद्धा कोरडा राहत नाही, आणि ब्रेकच्या कामात ओल हा पहिला शत्रू.

## १. आधी कागद

शक्यतो आरसी बुक असलेलीच गाडी घ्या. लिलावातून थेट उचलली असेल तर नोंदणीसाठी फॉर्म २० सोबत संबंधित लष्करी अधिकाऱ्यांकडचं फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. झेरॉक्सवर काम होत नाही. चासी नंबर तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करा, कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा आणि फोटो काढून ठेवा. त्यावर ग्राइंडर फिरवला तर गाडी कायमची शेतातच राहील.

रंगाचा डबा आणायची घाई नको. केंद्रीय मोटार वाहन नियमातला १२१ वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाडीशिवाय दुसऱ्या कुठल्याही गाडीला देता येत नाही. निम्मे लोक हाच रंग पुन्हा मारून घेतात आणि मग आरटीओच्या दारात उभे राहतात.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल आणि व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल, तर चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल करायचा नाही हे आधीच ठरवा. व्हिंटेज पाटी आणि डिझेल इंजिन ही दोन्ही स्वप्नं एकत्र बघू नका.

## २. जागा आणि टेकू

पक्का कोबा हवा. काळ्या मातीवर जॅक लावला तर तो हळूहळू खचतो, आणि तुम्ही खाली असताना ते कळत नाही. गाडी जॅकवर फक्त उचलायची, उभी ठेवायची ती लोखंडी घोड्यांवर (ॲक्सल स्टँड). विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक अजिबात नको. वीट वाकत नाही, थेट फुटते.

सावधान: यातल्या बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसमागे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी), प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे ॲक्सलकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर असतो. मागचं एक चाक जमिनीवरून उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोकल्याशिवाय मागे जॅक लावायचा नाही.

## ३. आठ दिवस नुसतं भिजवा आणि बघा

जो जो नट सोडावा लागणार आहे त्यावर रोज संध्याकाळी गंजतेल मारा. चौथ्या दिवशी सुटणारा नट पहिल्या दिवशी मोडतो. मोडलेला स्टड काढायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्याकडे रांग लावण्यापेक्षा थांबणं स्वस्त.

याच आठवड्यात कमानीचे पाटे मोजा. तुटलेला पाटा चिखलाखाली लपलेला असतो. चासीच्या आत साचलेली माती धुऊन काढा. आपली काळी माती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते.

गंजलेल्या लोखंडी ब्रॅकेट आणि हुकांसाठी आपल्याकडे एक फुकटातला उपाय आहे. गुऱ्हाळावरून काळपट काकवी आणा, एक भाग काकवीला नऊ भाग पाणी करून पिंपात घाला आणि भाग दोन ते तीन आठवडे बुडवून ठेवा. गंज निघतो, चांगलं लोखंड राहतं. झाकण घट्ट ठेवा, वास आणि मुंग्या दोन्ही येतात. ॲल्युमिनियमचं, जस्ताचा मुलामा असलेलं काहीही, कमानीचे पाटे, बेअरिंग आणि ब्रेकचे भाग त्यात टाकू नका. बाहेर काढलं की धुऊन लगेच वाळवा आणि तेल लावा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होतं.

## ४. चाकं: इथे माणसं मरतात

अतिशयोक्ती नाही. लष्करी रिम पुष्कळदा एकसंध नसते. काहींना लॉक रिंग असते, तर काही रिमांचे दोन अर्धे नटांनी जोडलेले असतात. अशा रिमवर नटांची दोन वर्तुळं दिसतात. आतलं वर्तुळ चाक हबला धरतं, बाहेरचं रिमचे दोन भाग. टायरमध्ये हवा असताना बाहेरचं वर्तुळ सोडलं तर रिम बंदुकीच्या गोळीसारखी उडते.

क्रम असा ठेवा:

चाक गाडीवर असतानाच व्हॉल्व्हची पिन काढा आणि हवा पूर्ण जाऊ द्या. पिनच्या भोकात बारीक तार घालून ते चिखलाने बुजलेलं नाही ना ते बघा. मगच हबचे नट सोडा. डाव्या बाजूच्या चाकांचे नट कधीकधी उलट्या आट्याचे असतात. स्टडच्या टोकावर एल कोरलेला दिसला तर नट उलटा फिरवायचा. दोन मीटरचा पाइप पान्याला लावून "सुटंना, लई घट्ट हाय" म्हणत स्टड मोडणारे मी बरेच बघितलेत.

हवा भरताना रिंग नीट खाचेत बसली आहे ना ते बघा, चाकाला जाड साखळी गुंडाळा किंवा लोखंडी पिंजऱ्यात ठेवा, नळी लांबची वापरा आणि रिंगच्या समोर उभे राहू नका. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याला ही रिम माहीत नसेल तर त्याला हात लावू देऊ नका.

टायरचं नक्षीकाम बघून खूश होऊ नका. डेपोत उभ्या गाडीचा टायर नवा दिसतो, पण बाजूला चिरलेला असतो. कडेवरच्या कोडातले शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालच्या आधीचा आहे. फेकून द्या.

## ५. तेल आणि सील: ब्रेकच्या आधी, कारण सांगतो

लोक ब्रेकचे नवे लायनर (ड्रमला घासणारे पट्टे) टाकतात आणि महिन्याभरात ब्रेक एका बाजूला ओढायला लागतो. ड्रम उघडला की लायनर तेलात भिजलेले. दोष लायनरचा नसतो. ॲक्सलचं सील गेलेलं असतं आणि गिअर ऑइल हबमधून ड्रममध्ये येतं. भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन चालत नाही. तेल आत मुरलेलं असतं, गरम झालं की बाहेर येतं.

म्हणून आधी दोन्ही ॲक्सलचे ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी बारीक भोकं) शोधा. ते चिखलाने बुजले की आतली हवा तापून दाब वाढतो आणि नवं सील सुद्धा तेल सोडतं. तारेने मोकळे करा, शक्य तर नळी लावून वर चासीपर्यंत न्या. मग सील बदला.

तेल बदलताना: आधी भरायचा प्लग सोडा, मग खालचा. भरायचा प्लग अडकलेला निघाला आणि तेल तुम्ही आधीच ओतून टाकलेलं असलं, तर गाडी तशीच उभी राहील.

निघालेलं तेल पांढऱ्या डब्यात घ्या. ताकासारखं पांढुरकं असेल तर आत पाणी गेलंय. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळचा महामार्ग सुद्धा पाण्याखाली गेला होता, म्हणून या भागातली जुनी गाडी घेताना ही तपासणी सोडू नका. पांढुरकं निघालं तर हलकं तेल घालून चाकं थोडी फिरवा, ओता आणि पुन्हा ताजं भरा. बेअरिंगवर गंजाचे डाग असतील तर ती बदलण्याला पर्याय नाही.

ॲक्सलच्या हायपॉइड गिअरना जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल चालतं. गिअरबॉक्समध्ये पितळेचे भाग असतात, त्यात जीएल-४ घाला. "एकच डबा सगळीकडे" हा मिस्त्रींचा आवडता सल्ला इथे ऐकू नका.

## ६. ब्रेक

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. मला एका गाडीला साडेतीन आठवडे लागले, आणि ते वायाही गेले नाहीत.

उघडणं. ड्रम निघत नसेल तर ॲडजस्टर (लायनर ड्रमपासून जवळ-लांब करणारा स्क्रू) आत घ्या, मग चोहोबाजूंनी लाकडी हातोडा. आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. एका वेळी एकच चाक उघडा, म्हणजे स्प्रिंग कुठे बसते ते शेजारच्या चाकात बघता येतं. फोटो काढले तरी हा नियम पाळा.

सिलिंडर. चाकातल्या ब्रेक सिलिंडरचे रबरी बूट उचलून बघा. आत ओल असेल तर सिलिंडर गळतोय. आतली भिंत नखाने तपासा. नख अडेल असा खड्डा असेल तर नुसतं किट टाकून उपयोग नाही. सिलिंडर नवा घ्या, नाहीतर उद्यमनगरात स्लीव्ह टाकून घ्या. नवं रबर बसवताना ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं. ब्रेक ऑइलच लावा.

नळ्या. रबरी होज बाहेरून चकचकीत दिसली तरी आतून सुजलेली असते. पायडल दाबल्यावर ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही, आणि चाक धरून राहतं. तपासायचं असं: पायडल दाबून सोडा. चाक अडकलं तर आधी मास्टर सिलिंडरजवळचा (पायडलला जोडलेला मुख्य सिलिंडर) जोड हळूच ढिला करा. त्याने चाक सुटलं तर दोष मास्टरचा किंवा पायडलला मोकळीक नसण्याचा. तिथे न सुटता चाकाजवळचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) उघडल्यावर सुटलं तर होज गेली. आम्ही तर तिन्ही होज विचार न करता बदलतो.

ड्रम. लेथवर फिरवून घ्या, पण एकाच ॲक्सलवरचे दोन्ही ड्रम सारख्या मापाचे ठेवा. एक बाजू जास्त कापली तर गाडी ब्रेकला ओढेल.

ऑइल. पूर्ण जुनं काढून टाका आणि ताजा, सीलबंद डबा फोडा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात अर्धा उघडा राहिलेला डबा पुढच्या वर्षी वापरणं म्हणजे घाटात पाणी उकळवणं. डॉट-३ आणि डॉट-४ एकमेकांत चालतात, सिलिकॉनचं डॉट-५ त्यात मिसळत नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

हवा काढणं. मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. उजव्या हाताच्या गाडीत क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. दोघं जण लागतात. माझा पुतण्या पायडलवर असतो आणि आमची बोलीच ठरलीय: मी "दाब" म्हणतो, तो "दाबलं काका" म्हणतो, मी ब्लीडर उघडतो, बंद करतो, मग "सोड". ब्लीडर उघडा असताना त्याने पाय उचलला तर हवा पुन्हा आत जाते, आणि संपूर्ण चाक पुन्हा करावं लागतं. दर पाच-सहा दाबांनंतर मास्टरची टाकी भरायची. ती रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात.

तपासणी:
- पायडल स्पंजासारखा लागतो: हवा राहिलीय.
- पायडल खोल जातो पण खाली कडक लागतो: ॲडजस्टर ढिले आहेत.
- एक मिनिट जोराने दाबून धरला तर हळूहळू बुडतो आणि बाहेर कुठेही गळती नाही: मास्टर सिलिंडर आतून गेलाय.

जुन्या मास्टर सिलिंडरचं सर्किट एकच असतं. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. सुधारणा म्हणून पैसे घालायचे असतील तर पहिले पैसे दोन सर्किटच्या टँडम मास्टरला घाला. फक्त बोअरचं माप जुन्याइतकंच निवडा. मोठा बोअर घेतला तर पायडल दगडासारखा लागतो, लहान घेतला तर पाय फळीला टेकतो.

## ७. स्टिअरिंग

दोन्ही पुढची चाकं उचला. एक जण वरखाली हलवेल, दुसरा खाली बघेल. वरखाली हलतंय तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खुंटी) किंवा बेअरिंग, आडवं हलतंय तर टायरॉडची टोकं. दोन्ही ठीक झाल्याशिवाय पॉवर स्टिअरिंगचा विचार करू नका. पॉवर स्टिअरिंग ढिलाई झाकतं, घालवत नाही. ग्रीस निपल बुजलेले असतात, म्हणून ग्रीस जोडातून बाहेर येईपर्यंत गन मारा.

## ८. इंधन आणि पाणी

टाकी काढा, धुवा, आत टॉर्चने बघा. गळती असेल तर वेल्डिंग घरी करायचं नाही. वर्षभर रिकामी पडलेल्या टाकीतही वाफ असते आणि ती फुटते. हे काम टाकी वाफेने धुऊन घेणाऱ्याकडेच द्या.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुनं रबर, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचे वॉशर ते सहन करत नाहीत. इथेनॉलला चालणारी होज आणि किट घ्या. अशा पेट्रोलमध्ये पाणी शिरलं की ते खाली वेगळं बसतं, म्हणून गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर जुनं पेट्रोल टाकीत ठेवू नका.

रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि झाळलेला असतो, तेजाब घालू नका. बोअरचं पाणी घातलं की क्षार बसतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला. "थर्मोस्टॅट काढून टाका, गार राहतं" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. त्याने इंजिन नीट गरम होत नाही, तेलात ओल राहते.

## ९. वायरिंग

बॅटऱ्या दोन आहेत आणि एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडलाय, म्हणजे यंत्रणा २४ व्होल्टची. बल्बवरचा आकडाही वाचून खात्री करा. मग हॉर्न किंवा टेपसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेण्याची चूक होते. एक बॅटरी रिकामी, दुसरी जादा चार्ज, वर्षात दोन्ही बाद. २४ ते १२ चा कन्व्हर्टर लावा.

बॅटरीची अर्थ वायर आधी काढायची, सगळ्यात शेवटी लावायची. जिथे वायर पत्र्यातून जाते तिथे रबर घाला. प्रत्येक फाट्याला फ्यूज आणि बॅटरीजवळ मुख्य स्विच हवाच. कापडी आवरणाची वायर मोडली की तिला टेप मारत बसू नका, बदला.

## १०. आता सेल्फ

स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घाला, रात्रभर थांबा. वन-टनचं आणि जोंगाचं ३,९५६ सीसीचं सहा सिलिंडर इंजिन हाताच्या दांड्याने फिरवता येतं. दांडा धरताना अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिनाने उलटा हिसका दिला तर विळखा घातलेला अंगठा मोडतो. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा तेल घाला, आणखी दोन दिवस थांबा.

इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलून, टॅपेट कव्हर उघडून रॉकरवर थोडं तेल घाला. प्लग न लावताच सेल्फ मारा, जोवर ऑइल प्रेशरचा काटा हलत नाही तोवर. तो हलला तरच प्लग बसवा.

पेट्रोल बाहेरच्या छोट्या डब्यातून, नळीने. कार्बोरेटरात वाटीने ओतू नका. बॅकफायर झाला तर तीच वाटी हातात पेटते. आग विझवायचा सिलिंडर हाताच्या अंतरावर ठेवा, गाडीत नाही.

शक्तिमानसारखं डिझेल असेल तर आधी फिल्टरपासून पंपापर्यंत लाइनची हवा काढा, आणि हवेच्या तोंडावर घट्ट बसेल अशी जाड फळी जवळ ठेवा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारा दांडा) अडकतो, इंजिन सुसाट पळतं आणि किल्लीने थांबत नाही. फळी दाबून हवा बंद करायची. हात लावायचा नाही.

## ११. सुधारणा, शेवटी

टँडम मास्टर झालाच. पुढे हेडलाइटला रिले, डिनामोच्या जागी ऑल्टरनेटर, सीट बेल्ट. एवढ्यावर बरेच दिवस भागतं. इंजिन बदलणं, चासी कापणं किंवा उंची वाढवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतं. आरटीओची परवानगी आधी, काम नंतर. पुढे जाड लोखंडी बुलबार लावायची हौसही याच कलमात अडकते.

## १२. पहिली फेरी

शेडच्या अंगणात, चालण्याच्या वेगात, दहा वेळा थांबवा. मग गावाबाहेरचा सपाट रस्ता. फोर-व्हील ड्राइव्ह डांबरावर टाकू नका. मध्ये डिफरन्शियल नसल्यामुळे शाफ्ट पिळले जातात आणि लिव्हर निघत नाही. ते चिखलासाठीच.

पाच किलोमीटरनंतर उतरा आणि प्रत्येक हबजवळ हात न्या. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग घट्ट आहे. परत फिरा, पुढे जाऊ नका. सगळे सारखे असतील तर जोतिबाच्या चढाला जा. उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरमध्ये या, ब्रेकवर पाय ठेवून नाही. जुने ड्रम तापले की धरेनासे होतात.

पन्नास किलोमीटर झाल्यावर सगळ्या चाकांचे नट, कमानीचे यू-बोल्ट आणि प्रॉपेलर शाफ्टचे नट पुन्हा आवळा. नवा रंग लावलेल्या रिमचे नट हमखास ढिले झालेले सापडतात, कारण खालचा रंग दबतो. म्हणून नट बसतो त्या जागेवर रंग मारूच नका.